संशय आणि वितंडा

(एका व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

१ ऑक्टोबर २०१७ची रविवारची रात्र. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लास वेगास हे जुगारासाठी आणि मौजमजेसाठी जगप्रसिद्ध असलेले शहर. तेथील मुख्य रस्त्यालगतच्या मोकळ्या मैदानावर ‘रूट ९१ हार्वेस्ट’ या संगीत महोत्सवाचा अखेरचा कार्यक्रम रंगात आला होता. सुमारे बावीस हजार श्रोते समोर होते. त्यांत तरुण होते, प्रौढ जोडपी होती, सुटीवर असलेले पोलीस आणि परिचारिकाही होत्या. दहा वाजून पाच मिनिटांनी काहीतरी तडतडल्याचा आवाज आला. अनेकांना फटाके वाजताहेत असेच वाटले. दुसऱ्या-तिसऱ्या फैरीनंतर शेजारचा माणूस कोसळलेला दिसला, तेव्हा लोकांना कळले की वरून मृत्यू बरसतो आहे.

रस्त्यापलीकडे ‘मंडाले बे’ नावाचे जुगारगृहयुक्त भव्य हॉटेल आहे. मंडाले म्हटले की मराठी मनाला लोकमान्यांचा कारावास आणि त्या कारावासात लिहिले गेलेले ‘गीतारहस्य’ आठवते. लास वेगासच्या या मंडालेत मात्र भोगाचा बाजार भरलेला असतो. त्या हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरील दोन खिडक्या फोडून एक माणूस खालच्या गर्दीवर गोळ्या झाडत होता. सुमारे दहा मिनिटांत हजाराहून अधिक गोळ्या सुटल्या. ५८ निरपराध माणसे तेव्हा प्राणास मुकली. पुढे २०१९ आणि २०२० साली आणखी दोन जखमींचा मृत्यू झाला आणि मृतांची संख्या ६० झाली. चारशेहून अधिक लोकांना गोळ्या किंवा त्यांचे तुकडे लागले. पळापळीत जखमी झालेले धरून हा आकडा साडेआठशेच्या पुढे जातो. आधुनिक अमेरिकेच्या इतिहासात एकाच माणसाने केलेला इतका मोठा गोळीबार दुसरा नाही.

पोलीस त्या खोलीत शिरले तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. मारेकरी मरून पडला होता. त्याने स्वतःवरच गोळी झाडून घेतली होती. स्टीफन पॅडॉक हे त्याचे नाव. वय ६४. एकेकाळी हिशेबनिसाचे काम केलेला, घरांच्या व्यवहारांत पैसा कमावलेला, तासन्‌तास यंत्रावरचा पोकर खेळणारा हा माणूस. त्याने हिंसक गुन्हा केल्याची नोंद पोलिसांकडे नव्हती. त्याने पत्र ठेवले नव्हते, चित्रफीत ठेवली नव्हती, कोणता जाहीरनामाही ठेवला नव्हता. साठ घरे उद्ध्वस्त करून हा माणूस ‘का’ या प्रश्नाचे उत्तर न देताच निघून गेला.

तपासयंत्रणांना आजवर न सापडलेले ते उत्तर जगातील लाखो लोकांनी मात्र चोवीस तासांच्या आत शोधून काढले होते. तेही एक नव्हे, अनेक. या व्याख्यानाचा विषय तो मारेकरी नाही. त्याच्याविषयी तर्कांचे इमले बांधणारा समाज हा आहे.

सोयीची उत्तरे

पहिले उत्तर रात्रीच्या रात्रीच तयार झाले. घटनेशी सुतराम संबंध नसलेल्या एका निराळ्याच माणसाचे नाव मारेकरी म्हणून इंटरनेटवर झळकले. तो विरोधी राजकीय मताचा असल्याची जोडही त्याला देण्यात आली. गुगलसारख्या मातब्बर कंपनीच्या शोधपानावरही ही खोटी बातमी काही काळ ठळकपणे दिसत राहिली. एका निरपराध माणसाच्या माथी नरसंहाराचे पातक मारले गेले, कारण तो दोषी असणे काहींना हवेहवेसे वाटत होते.

दुसरे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. इसिस या दहशतवादी संघटनेने आपल्या वृत्तसंस्थेमार्फत जाहीर केले की, हा आपलाच ‘सैनिक’ असून त्याने काही महिन्यांपूर्वी इस्लाम स्वीकारला होता. इस्लामी दहशतवादाची झळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना हे पटकन पटावे हे स्वाभाविक आहे. हॉटेल आणि गोळीबार हे दोन शब्द एकत्र ऐकताच मुंबईकरांच्या डोळ्यांसमोर २६ नोव्हेंबर २००८ची ताज आणि ओबेरॉय उभी राहतात. मात्र मुंबईच्या हल्ल्यामागे कोण होते, हे जगाने केवळ अनुभवावरून ठरवलेले नाही. अजमल कसाब गिरगाव चौपाटीवर जिवंत पकडला गेला. हल्लेखोरांचे पाकिस्तानातील सूत्रधारांशी चाललेले संभाषण ध्वनिमुद्रित झाले. खटला विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत चालला आणि २०१२ साली फाशीवर अंतिम शिक्कामोर्तब झाले. तो निष्कर्ष पुराव्याच्या पायावर उभा आहे, म्हणूनच तो कोणाला हलवता येत नाही.

लास वेगासच्या बाबतीत इसिसने पुराव्याचा एक कणही दिला नाही. अमेरिकेच्या केंद्रीय तपाससंस्थेला, म्हणजे एफबीआयला, पॅडॉकचा कोणत्याही आंतरराष्ट्रीय दहशतवादी संघटनेशी संबंध आढळला नाही. इसिसची ही खोड नवी नव्हती. अवघ्या चार महिन्यांपूर्वी, २ जून २०१७ रोजी, फिलिपिन्समधील मनिला येथे ‘रिसॉर्ट्स वर्ल्ड’ या जुगारगृहाच्या हॉटेलात एक बंदूकधारी घुसला होता. त्याने गोळ्या झाडल्या, जुगाराची मेजे पेटवली आणि ३७ जण मुख्यतः धुराने गुदमरून मेले. तेव्हाही इसिसने श्रेय घेतले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीही घाईने त्या घटनेला दहशतवादी हल्ला म्हटले. पुढे निष्पन्न झाले ते असे : हल्लेखोर जुगाराच्या व्यसनाने कर्जबाजारी झालेला एक माजी सरकारी कर्मचारी होता आणि त्याच्या कुटुंबाच्या विनंतीवरूनच त्याला जुगारगृहांत मज्जाव करण्यात आला होता. शत्रूने केलेला दावा आपल्या मताला पोषक आहे एवढ्यावर तो खरा मानणे, म्हणजे शत्रूच्या प्रचारयंत्रणेचे काम फुकटात करणे होय. न केलेल्या हल्ल्याचेही श्रेय मिळवून आपण सर्वत्र आहोत असा धाक निर्माण करणे, हेच तर त्या संघटनेला हवे होते.

तिसरे, चौथे, पाचवे उत्तर याच जातीचे. कोणी म्हणाले, हा डाव्या अतिरेक्यांचा कट. कोणी म्हणाले, नागरिकांच्या बंदुका काढून घेण्यासाठी सरकारनेच हे घडवून आणले. ज्याचा जो विरोधक, तोच त्याला खिडकीत उभा असलेला दिसला.

संशयाला वाव कोणी दिला?

हा दोष केवळ अफवा पसरवणाऱ्यांच्या पदरात घालून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. संशयाला जमीन अधिकाऱ्यांनीही पुरवली.

हॉटेलच्या एका सुरक्षारक्षकाला बत्तिसाव्या मजल्यावर मारेकऱ्याची गोळी लागली होती. ती केव्हा लागली? प्रथम सांगण्यात आले की, मैदानावरचा गोळीबार सुरू झाल्यानंतर. ९ ऑक्टोबरला शेरीफ जोसेफ लोम्बार्डो यांनी सांगितले की, गोळीबाराच्या सहा मिनिटे आधी, ९ वाजून ५९ मिनिटांनी. हॉटेलच्या मालक कंपनीने त्याला हरकत घेतली. १३ ऑक्टोबरला पुन्हा खुलासा झाला की, ९.५९ ला रक्षकाला जिन्याचे दार अडवलेले आढळले आणि गोळी लागली ती १०.०५ च्या सुमारास. बारा दिवसांत तीन कालक्रम! त्यातच तो रक्षक ठरलेल्या दूरचित्रवाणी मुलाखतीला ऐनवेळी आला नाही. लोकांनी लगेच त्याला ‘बेपत्ता’ केले. पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचे चित्रण जाहीर व्हावे म्हणून वृत्तपत्रांना न्यायालयात जावे लागले आणि ते टप्प्याटप्प्याने बाहेर येऊ लागले मे २०१८ पासून. मधल्या सात महिन्यांच्या पोकळीत अफवांचे रान माजले.

काही शंका तर ऐकणाऱ्यांच्या कानांतून आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतून प्रामाणिकपणे उपजल्या होत्या. उंच इमारतींवर आदळून परतणारे प्रतिध्वनी ऐकून लोकांना वाटले की, दोन-तीन ठिकाणांहून गोळ्या येत आहेत. हॉटेलच्या खालच्या मजल्यावर लुकलुकणारा दिवा चित्रफितींत दिसला; तो बंदुकीचा जाळ ठरवला गेला. रक्ताने माखलेले लोक ज्या ज्या हॉटेलात आसऱ्याला शिरले, तेथे तेथे गोळीबार चालू असल्याचे फोन पोलिसांकडे खणाणू लागले. मारेकऱ्याच्या खोलीतील मेजावर एक कागद असल्याचे छायाचित्र फुटले आणि ती मृत्यूपूर्व चिठ्ठी असल्याची वदंता उठली. प्रत्यक्षात त्या कागदावर नेम साधण्यासाठी मांडलेले आकडे होते.

या सर्व शंकांना उत्तरे होती आणि यथावकाश ती मिळालीही. परंतु उत्तर मिळाल्यावर शंका सोडून देणे हा शंकेचा धर्म ज्यांना मान्य नव्हता, त्यांच्या दृष्टीने प्रत्येक उत्तर हा कटाचाच नवा पुरावा ठरला.

खऱ्या मण्यांची खोटी माळ

एक नमुना पाहण्यासारखा आहे. ‘मंडाले बे’च्या त्याच इमारतीत ३५ ते ३९ या मजल्यांवर ‘फोर सीझन्स’ हे वेगळे हॉटेल आहे, हे खरे. त्या कंपनीत सौदी राजपुत्र अलवलीद बिन तलाल यांचा मोठा वाटा होता, हेही खरे. नोव्हेंबर २०१७ मध्ये रियाधला सौदी राजघराण्यातील अनेकांची धरपकड झाली आणि त्यांत हे राजपुत्र होते, हेही खरे. या तीन खऱ्या मण्यांतून दोरा ओवून माळ तयार झाली : लास वेगासचा गोळीबार हा सौदी युवराजाला ठार मारण्याचा फसलेला डाव होता! युवराज त्या रात्री तेथे होते याचा पुरावा काय? काही नाही. मणी खरे, दोरा कल्पनेचा.

अफवेचे सामर्थ्य याच मिश्रणात असते. निखळ असत्य फार काळ टिकत नाही. सत्याच्या तुकड्यांवर कलम केलेले असत्य जोमाने वाढते. ‘नरो वा कुंजरो वा’ या शब्दांनी द्रोणाचार्यांचा घात झाला, तो असाच. मेलेला हत्ती खरा होता.

न्यायशास्त्राची कसोटी

या गोंधळात वाट दाखवील असे एक शास्त्र आपल्या पूर्वजांनी घडवून ठेवले आहे. महर्षी गौतमांच्या न्यायदर्शनात जे सोळा पदार्थ सांगितले आहेत, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा मान संशयाला आहे. संशयाला त्यांनी पाप ठरवले नाही. ज्ञानाच्या वाटेवरचे ते आवश्यक पाऊल मानले. मात्र ते एक पाऊल आहे, मुक्काम नव्हे. संशयानंतर दृष्टांत, तर्क अशा पायऱ्या चढत जायचे ते निर्णयासाठी आणि निर्णय करायचा तो दोन्ही बाजूंचे बलाबल तोलून.

त्याच शास्त्राने चर्चेचेही तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता, तो सिद्ध करण्याची जबाबदारी न घेता, केवळ दुसऱ्याचे खोडत राहणे म्हणजे वितंडा. लास वेगासविषयी जे रान उठले, त्यातील बहुतांश भाग या तिसऱ्या प्रकारचा होता. ‘आम्ही काही म्हणत नाही, फक्त प्रश्न विचारतो’ असे म्हणत म्हणत शंभर आरोप करून टाकायचे. एकाचे उत्तर मिळाले की दुसरा पुढे करायचा. ज्याला मुळी निर्णयच नको आहे, त्याला कितीही प्रमाणे दिली तरी ती अपुरीच पडणार.

आता प्रमाणे काय सांगतात ते पाहावे. लास वेगास पोलिसांनी सुमारे दोन हजार धागेदोरे तपासले, सुमारे बावीस हजार तासांचे चित्रण पाहिले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये १८७ पानांचा अंतिम अहवाल दिला. मारेकरी एकटाच होता, हे त्यांनी निश्चितपणे सांगितले. हेतू सांगता येत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. त्याचा मेंदू स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे तपासणीला पाठवला गेला; कृत्याचा उलगडा होईल असे काही त्यात सापडले नाही. त्याची संपत्ती दोन वर्षांत एकवीस लाख डॉलरवरून सुमारे सव्वापाच लाखांवर आली होती, हे दिसले. जानेवारी २०१९ मध्ये एफबीआयच्या मनोविश्लेषकांनी वर्षभराच्या अभ्यासानंतर नमूद केले की, कोणताही एकच वा स्पष्ट हेतू आढळत नाही. ढासळते आरोग्य, मरणाची ठरवलेली वेळ आणि कुप्रसिद्धीची हाव अशा काही छटा त्यांनी नोंदवल्या. २०२३ साली खुल्या झालेल्या कागदपत्रांत एका परिचित जुगाऱ्याचा जबाब निघाला की, जुगारगृहांकडून मिळणाऱ्या वागणुकीवर पॅडॉक चिडलेला होता. तोही एक जबाबच, निर्णय नव्हे.

हजारो तास खर्चून ‘आम्हाला माहीत नाही’ असे लिहून देणे, याला बौद्धिक धैर्य लागते. ते अपयश म्हणून हिणवले गेले.

‘का’च्या गर्दीत हरवलेले ‘कसे’

येथे या विषयाचे खरे मर्म आहे. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर नाही. ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर मात्र जवळजवळ संपूर्णपणे उपलब्ध होते.

हल्ल्याच्या आधीच्या वर्षभरात या माणसाने डझनांनी बंदुका दुकानांतून, कायद्याने, राजरोस विकत घेतल्या. २५ सप्टेंबरला तो हॉटेलात उतरला आणि पुढील काही दिवसांत वीसहून अधिक पेट्या-पिशव्या खोलीत नेल्या. काही तर हॉटेलच्याच नोकरांनी वाहून दिल्या. खोलीबाहेरच्या खाद्यपदार्थांच्या ढकलगाडीवर त्याने कॅमेरा लपवला. त्याच्या बंदुकांना ‘बम्प स्टॉक’ नावाचे उपकरण लावलेले होते. बंदुकीच्या दस्त्याला बसवलेले हे साधन गोळी सुटतानाच्या धक्क्याचाच उपयोग करून चाप भराभर ओढला जाईल अशी सोय करते आणि साध्या बंदुकीतून मशिनगनसारख्या गोळ्या सुटू लागतात.

यांतील प्रत्येक गोष्टीवर विचार करता येण्याजोगा होता, उपाय करता येण्याजोगा होता. बम्प स्टॉकवर डिसेंबर २०१८ मध्ये सरकारी आदेशाने बंदी आली. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द ठरवली. कायद्यातील मशिनगनच्या व्याख्येत हे उपकरण बसत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. ती व्याख्या बदलणे संसदेच्या हाती होते. दुसऱ्या बंदूकधाऱ्याच्या शोधात रात्री जागवणाऱ्यांनी पहिल्या बंदूकधाऱ्याच्या बंदुकीविषयी तेवढ्याच चिकाटीने विचारणा केली असती तर? वितंडेने समाजाचे लक्ष, ज्यावर काही करता येते त्यावरून हटवून, ज्यावर काहीच करता येत नाही त्यावर खिळवून ठेवले.

किंमत कोणी मोजली?

आणि याची किंमत मोजली ती ज्यांनी आधीच सर्वांत मोठी किंमत मोजली होती त्यांनी. गोळी लागूनही वाचलेल्या माणसांना ‘तुम्ही पैसे घेऊन जखमींचे सोंग आणणारे नट आहात’ अशी पत्रे आणि धमक्या आल्या. रुग्णालयातून बाहेर पडलेल्या माणसाला स्वतःची जखम खरी आहे हे परक्यांना पटवून द्यावे लागणे, यापरती विटंबना कोणती? जुलै २०१८ मध्ये हॉटेलच्या मालक कंपनीने आपले दायित्व नाकारण्यासाठी हजाराहून अधिक पीडितांविरुद्धच न्यायालयात दावे लावले. अखेर २०२० साली ८० कोटी डॉलरच्या तडजोडीला मान्यता मिळाली. त्या वर्षांत ही माणसे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होती, तेव्हा त्यांच्या पाठीशी लोकमताचे बळ हवे होते. त्या लोकमताचा मोठा भाग सौदी युवराजाच्या आणि चौथ्या मजल्यावरच्या दिव्याच्या चर्चेत मग्न होता.

सज्जनहो, सार्वजनिक जीवनात वावरणाऱ्या कार्यकर्त्याचे भांडवल एकच असते : त्याच्या शब्दावरचा विश्वास. वस्तीतल्या चार घरांत त्याचे म्हणणे खरे मानले जाते, म्हणून त्याचे ऐकले जाते. विरोधकाची खोटी बातमी तो हिरिरीने खोडून काढतो, हे योग्यच. त्याची खरी परीक्षा होते ती त्याच्या मताला गोड लागणारी बातमी हातातल्या फोनवर येते तेव्हा. ती पुढे पाठवण्यापूर्वी त्याने स्वतःला विचारावे : हे सांगणारा कोण? त्याने पाहिले काय आणि ऐकले काय? हेच माझ्या माणसाविषयी आले असते, तर मी एवढ्यावर विश्वास ठेवला असता का? उत्तर नकारार्थी असेल तर बोट थांबवावे. घरात मुलांनी विचारले, तर ‘अजून कळलेले नाही’ असे सांगण्यात कमीपणा मानू नये. मोठ्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकणारी मुलेच पुढे पुरावा मागायला शिकतात.

लास वेगासमध्ये त्या रात्री अनोळखी माणसांनी अनोळखी जखमींना आपल्या गाड्यांत घालून रुग्णालयांत पोहोचवले. दुसऱ्या दिवशी रक्तदानासाठी रांगा लागल्या. त्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला मारेकऱ्याचा हेतू ठाऊक नव्हता. समोर रक्त हवे आहे, एवढे त्याला निश्चित ठाऊक होते आणि तेवढ्या ज्ञानावर तो उभा राहिला. जे निश्चित कळले आहे त्यावर कृती करावी आणि जे कळलेले नाही त्याविषयी मौन राखावे, हे भान अशा प्रत्येक प्रसंगी समाजाने बाळगावे, एवढीच अपेक्षा.